पत्ता चुकलेल्या वाचकासाठी: वेब ॲप्लिकेशनमधील ४०४ पान

ब्राउझर वेब ॲप्लिकेशनकडे एक पत्ता घेऊन जातो. सर्व्हर त्याला साधारणपणे दोन गोष्टी परत देतो: एक तीन आकडी क्रमांक आणि त्यामागून मजकूर. क्रमांक वाचकाला सहसा दिसत नाही. तो ब्राउझरसाठी, शोधयंत्रांसाठी आणि वाटेतल्या इतर संगणकांसाठी असतो. २०० म्हणजे मागितलेले मिळाले, ३०१ म्हणजे ते कायमचे दुसरीकडे गेले, ५०० म्हणजे सर्व्हरचेच काही बिघडले. ४०४ म्हणजे या पत्त्यावर देण्यासारखे काही सापडले नाही. मे १९९६ मधल्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजात हा क्रमांक आहे आणि जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही तो त्याच अर्थाने टिकून आहे. चारने सुरू होणारे क्रमांक मागणाऱ्याच्या बाजूची चूक दाखवतात, असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते. व्यवहारात मात्र पान हलवणारा, फाइलचे नाव बदलणारा किंवा लिंक चुकीची देणारा बहुधा संकेतस्थळाचाच माणूस असतो. वाचकाने फक्त त्या लिंकवर बोट ठेवलेले असते.

क्रमांकासोबत जाणारा मजकूर कोणी लिहिलाच नाही, तर सर्व्हर स्वतःजवळची एक-दोन ओळींची इंग्रजी पाटी दाखवतो. ती काढून तिथे संकेतस्थळाचे स्वतःचे, वाचकाच्या भाषेतले आणि पुढची वाट दाखवणारे पान ठेवणे, हा इथला विषय. काम एका फाइलचे वाटते. पण ते नीट करायचे तर पत्ते कसे बनतात, ते का मोडतात, सर्व्हर आणि ॲप्लिकेशन यांपैकी उत्तर कोण देतो आणि आपला वाचक नेमका कुठे चुकतो, हे सगळे समजून घ्यावे लागते.

पाने हरवण्याचे मूळ वेबच्या रचनेतच आहे. टेड नेल्सन यांनी १९६० च्या दशकापासून मांडलेल्या झॅनडू या जोडलेल्या दस्तऐवजांच्या प्रणालीच्या कल्पनेत दुवा दोन्ही टोकांना बांधलेला होता. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत प्रस्ताव मांडला आणि त्यातून जे वेब उभे राहिले, त्यात दुवा एकतर्फी राहिला. कोणीही कोणाच्याही पानाची लिंक न विचारता देऊ शकतो. वेब इतके पसरले ते या मोकळिकीमुळे, आणि या मोकळिकीची किंमतही आहे. पान हलवणाऱ्याला त्या पानाकडे कुठून कुठून लोक येतात ते कळत नाही, आणि लिंक देणाऱ्याला पान हलल्याचे कळत नाही. पत्ते बदलू नयेत असे आग्रहाने सांगणारा लेख बर्नर्स-ली यांनीच १९९८ मध्ये लिहिला, पण तो आग्रह फारसा पाळला गेला नाही. प्यू रिसर्च सेंटरने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तुटलेल्या लिंका आणि ‘पान सापडले नाही’ अशा चुका राहू नयेत यासाठी यंत्रणा असावी, असे म्हटले आहे. ती यंत्रणा कितीही चांगली असली तरी काही पत्ते चुकणारच. त्या चुकलेल्या वाचकासाठी ४०४ चे पान लागते.

वाचक कुठे चुकेल हे त्या त्या गावावर आणि भाषेवर ठरते. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत आणि त्यांत दोन चांदूर आहेत: चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. मुंबई–हावडा लोहमार्गावरचे चांदूर ते चांदूर रेल्वे. रेल्वेच्या वेळापत्रकात ते नुसते ‘चांदूर’ म्हणून येते आणि त्याचा संकेत आहे सीएनडी. उत्तरेकडचे चांदूर बाजार बराच काळ रेल्वेविना होते, पण बडनेरा–नरखेड मार्ग झाल्यापासून तिथेही स्थानक आहे, म्हणजे नावातली खूण आता पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही. शेजारी धामणगाव रेल्वे आहे. धामणगाव पूर्वी चांदूर तालुक्यातच मोडत असे, आता तो स्वतंत्र तालुका आहे. इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत तालुक्याचे नाव नुसते चांदूर असे येते, अमरावतीचे उमरावती आणि अम्रावती असे उच्चार आढळतात आणि अचलपूरचे एलिचपूर होते. शिवाय आंध्र प्रदेशात आणखी एक अमरावती आहेच.

आता अशा जिल्ह्याच्या तालुकानिहाय माहितीचे एखादे वेब ॲप्लिकेशन डोळ्यांसमोर आणावे. पत्त्यात गावाचे नाव रोमन लिपीत आहे. चांदूरमधला दीर्घ ऊ कोणी एका ‘यू’ने लिहील, कोणी दोन ‘ओ’ने. रेल्वे हा शब्द कोणी पूर्ण लिहील, कोणी ‘आरएलवाय’ एवढ्यावर भागवेल, कोणी दोन शब्दांत आडवी रेघ देईल, कोणी दोन्ही शब्द जोडून टाकेल. कोणी नुसतेच चांदूर लिहून मोकळा होईल. यातला एकच पत्ता खरा आहे, बाकी सगळे ४०४ कडे जातात. यापैकी कोणाचीही चूक म्हणण्याजोगी नाही, कारण ही सगळी रूपे दुकानांच्या पाट्यांवर, बँकेच्या पासबुकांत आणि तिकिटांवर रोज दिसतात.

पत्ता देवनागरीत असेल तर अडचण वेगळ्या जातीची होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटचे टक्क्याचे चिन्ह धरून तीन अक्षरांत रूपांतर होते. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरे. ‘चांदूर’ या शब्दात काना, अनुस्वार आणि उकार धरून सहा चिन्हे आहेत, म्हणून त्याचा पत्ता ५४ अक्षरांचा होतो. मधली जागा खालच्या रेघेने भरली, तर ‘चांदूर रेल्वे’ हे नाव १०९ अक्षरांचे होते. व्हॉट्सॲपवरून पुढे ढकलताना किंवा कागदावर छापताना असा पत्ता मध्येच तुटणे अगदी सहज घडते. ‘चांदुर’ असा ऱ्हस्व उकार दिला तर ५४ पैकी एकच आकडा बदलतो, दोनच्या जागी एक येतो, आणि सर्व्हरला ते पान पूर्णपणे परके होते. आणखी फसवी गोष्ट ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र चिन्ह म्हणून आले. त्याआधीपासून ते ‘अ’, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह आणि वर चंद्र अशा तीन चिन्हांनी लिहिले जात होते आणि आजही काही कीबोर्ड तसेच लिहितात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण बाइट वेगळे आहेत, आणि युनिकोडच्या सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत. मराठी संकेतस्थळाने पत्ता तपासण्यापूर्वी ही रूपे स्वतःच एकत्र आणली पाहिजेत, हे इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही.

या सगळ्या वाटा ४०४ पर्यंत येतात. तिथे काय द्यायचे, यात पहिला आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम असा: मजकूर कितीही आपुलकीचा असला तरी क्रमांक ४०४ च गेला पाहिजे. वाचकाला ‘पान सापडले नाही’ असे दिसते आणि मागून क्रमांक मात्र २०० जातो, या प्रकाराला सॉफ्ट ४०४ म्हणतात. शोधयंत्राला त्यातून असा समज होतो की हे पान आहे. सॉफ्ट ४०४ ओळखण्याची सोय गूगलला स्वतंत्रपणे करावी लागली, इतका हा प्रकार सर्रास आहे. तो बहुधा आळसातून येत नाही. सर्व्हरच्या सूचना लिहिण्याच्या पद्धतीतच तो दडलेला असतो.

अपाची सर्व्हरमध्ये एररडॉक्युमेंट ही सूचना असते. तिच्यापुढे ४०४ लिहून संकेतस्थळाच्या मुळापासूनचा, तिरप्या रेघेने सुरू होणारा पत्ता दिला की सर्व्हर आतल्या आत ते पान उचलतो आणि क्रमांक ४०४ राखतो. त्याच जागी एचटीटीपीपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता दिला, तर अपाची वाचकाला त्या पत्त्याकडे वळवतो. ब्राउझर दुसऱ्यांदा विचारणा करतो, ते पान खरोखर असतेच, म्हणून २०० मिळतो. मूळ ४०४ कुणापर्यंत पोहोचतच नाही आणि ब्राउझरच्या पट्टीतला वाचकाने टाइप केलेला पत्ताही पुसला जातो. तो पत्ता समोर असता तर वाचकाने एक अक्षर दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न केला असता. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हरमध्ये एरर पेज या सूचनेत ४०४ नंतर बरोबरचे चिन्ह आणि २०० लिहिले की क्रमांक बदलतो. नुसता पानाचा पत्ता दिला तर बदलत नाही. एनजिनएक्सच्या मागे दुसरे ॲप्लिकेशन चालत असेल, तर त्याच्याकडून आलेला ४०४ अडवून आपले पान दाखवण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. एएसपी डॉट नेटमधील कस्टम एरर्सची मूळ मांडणीच वळवण्याची आहे: वाचकाला ३०२ मिळतो आणि मग चूक दाखवणारे पान २०० ने उघडते. तिथे रिस्पॉन्स रीराइट ही पद्धत निवडून पानाच्या आत क्रमांक पुन्हा ४०४ असा नेमून द्यावा लागतो. आयआयएस ७ पासून सर्व्हरच्या पातळीवर एचटीटीपी एरर्स हा दुसरा विभाग आला. एकच चूक दोन ठिकाणी हाताळली जाऊ लागली, आणि कोणत्या पातळीवरचे पान दिसते आहे याचा उलगडा होईपर्यंत नवख्यांचे दिवस जातात.

ॲप्लिकेशनच्या चौकटींत काम तुलनेने सरळ आहे. लारावेलमध्ये एरर्स या फोल्डरात ४०४ नावाचे ब्लेड पान ठेवले की पुरते. रेल्समध्ये पब्लिक फोल्डरातली साधी एचटीएमएल फाइल वापरली जाते. एक्स्प्रेसमध्ये सगळे मार्ग लिहून झाल्यावर शेवटी उरलेल्या मागण्या पकडणारा भाग लिहायचा असतो. तो चुकून वर गेला तर अख्खे संकेतस्थळ ४०४ होते. फ्लास्कमध्ये पानासोबत क्रमांक परत द्यायला विसरले की २०० जातो. जँगोमध्ये टेम्प्लेटांच्या मुळाशी ४०४ चे पान ठेवायचे असते, पण ते डीबग बंद केल्याशिवाय दिसत नाही. डीबग चालू असताना जँगो ४०४ च्या जागी ॲप्लिकेशनमधल्या पत्त्यांच्या सगळ्या नमुन्यांची यादी दाखवतो. बनवणाऱ्याला ती उपयोगी पडते, पण खुल्या संकेतस्थळावर ती राहिली तर आतली रचना परक्याच्या हाती जाते.

एका पानात सगळे चालवणारी ॲप्लिकेशने, म्हणजे ज्यांत मार्ग ब्राउझरमध्येच ठरतात, त्यांचे दुखणे वेगळे आहे. कोणताही पत्ता आला तरी सर्व्हर तीच एक सुरुवातीची फाइल २०० ने देतो आणि ‘सापडले नाही’ हे नंतर ब्राउझरमध्ये चितारले जाते. यावर खरा उपाय एकच: कोणते पत्ते आहेत हे सर्व्हरलाही माहीत असले पाहिजे.

वर्डप्रेस हा महाराष्ट्रातल्या लहान संस्थांचा, शाळा-महाविद्यालयांचा आणि साप्ताहिकांचा नेहमीचा आधार आहे. त्यात थीममधली ४०४ ची फाइल हे काम करते. पण वर्डप्रेस त्याआधी एक अंदाज बांधतो: मागितलेल्या नावाने सुरू होणारा एखादा लेख सापडला तर तो वाचकाला न विचारता तिकडे वळवतो. ज्या संकेतस्थळावर चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार अशी दोन पाने आहेत, तिथे कोणी नुसते चांदूर मागितले तर यातले एक पान गुपचूप उघडते. नुसते ‘चांदूर’ म्हणणाऱ्या प्रवाशाला पुढचा शब्द न विचारता हाताला लागेल त्या एसटीत बसवून देण्यासारखेच हे आहे. ऑगस्ट २०२० च्या ५.५ या आवृत्तीपासून हा अंदाज बंद करण्याची सोय आहे आणि जुळ्या नावांच्या जिल्ह्यात ती वापरावी. दोन्ही चांदुरांची नावे ४०४ च्या पानावर दाखवून निवड वाचकावर सोडणे जास्त प्रामाणिक ठरते.

प्रत्येक हरवलेल्या पत्त्याला ४०४ हेच उत्तर नाही. पान दुसरीकडे गेले असेल आणि कुठे गेले ते माहीत असेल, तर ३०१ देऊन तिकडे न्यावे. राज्याच्या भूमी अभिलेखांचे महाभूलेख हे संकेतस्थळ पूर्वी महाराष्ट्र शासनाच्या मुख्य नावाखाली होते, पुढे ते महाभूमी या नावाखाली गेले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला. अशा सेवेचा जुना पत्ता बातम्यांच्या कात्रणांत, फोनमधल्या संदेशांत आणि सेतू केंद्रातल्या भिंतीवरच्या कागदावर वर्षानुवर्षे राहतो. पीककर्जासाठी उतारा काढायला आलेल्या कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याला पत्ता बदलल्याची बातमी वाचायची नसते, त्याला उतारा हवा असतो. गावांची व जिल्ह्यांची नावे बदलतात तेव्हाही हेच लागू पडते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्यांच्या पत्त्यांत जुनी नावे होती त्यांनी ती मोडायची नसतात, नव्याकडे वळवायची असतात.

पान जाणीवपूर्वक काढून टाकले असेल आणि परत येणार नसेल, तर ४१० हा क्रमांक आहे. मुदत संपलेली निविदा किंवा मागे घेतलेली जाहिरात यांना तो शोभतो. पान आहे पण ते या वाचकासाठी नाही, अशा वेळी ४०३ देता येतो. मात्र पान आहे एवढे कळणेसुद्धा धोक्याचे असेल तर ४०४ द्यायला आरएफसी ९११० मुभा देते. गिटहब आपले खासगी संग्रह परक्यांसाठी असेच झाकते. सर्व्हरच बंद पडला किंवा डोमेनची मुदत संपली तर मात्र ४०४ सुद्धा जात नाही. तेव्हा दिसते ते ब्राउझरचे स्वतःचे पान, आणि ते सजवणे कोणाच्याच हातात नसते.

राहिला पानावरचा मजकूर. तो थोडका हवा. पहिल्या वाक्यात काय झाले ते साध्या शब्दांत: ‘हे पान येथे नाही. पत्ता बदलला असेल किंवा लिहिताना चुकला असेल.’ वाचकावर ठपका येईल असा शब्द नको, ‘अवैध विनंती’ यांसारखी कार्यालयीन भाषा तर नकोच. त्याखाली शोधाची चौकट, तीत मागितलेल्या पत्त्यातले शब्द आधीच भरलेले, आणि जवळ जाणारी दोन-तीन नावे. दोन शब्दांमध्ये किती अक्षरे बदलावी लागतात ते मोजून जवळची नावे काढणे अवघड नाही. चौदा तालुक्यांच्या यादीत तर ते क्षणात होते. मुख्य पानाची लिंक द्यावी, पण तिकडे आपोआप ढकलू नये. कोणत्या पानासाठी आलो होतो हेच वाचक मग विसरतो.

या बाबतीत मराठी विकिपीडियाकडे पाहण्यासारखे आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात नसलेला लेख मागितला, तर त्यामागचे मीडियाविकी हे सॉफ्टवेअर क्रमांक ४०४ च देते, पण पान वाचकाला तो लेख स्वतः लिहायला बोलावते. ज्या शब्दांवर लेख अजून लिहिलेला नाही ते लेखांमध्ये लाल रंगात दिसतात. वेगवेगळ्या लेखनाची नावे पुनर्निर्देशनाने एका लेखाकडे आणली जातात, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न वाचकापर्यंत पोहोचण्याआधी संपादकांनी मिटवलेला असतो. नसलेल्या पानाचा इतका उदार उपयोग दुसरीकडे क्वचितच झाला आहे.

भाषेचा निर्णय पत्त्यावरूनच घेता येतो. अमरावती जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळासारखे जे मराठी आणि इंग्रजी असे दोन भाग ठेवतात, तिथे इंग्रजी भागातला पत्ता चुकला तर इंग्रजी पान आणि मराठी भागातला चुकला तर मराठी पान द्यावे. पानाच्या संकेतात भाषा मराठी असल्याचे नोंदवले नाही तर पडदा वाचून दाखवणारी साधने देवनागरी मजकूर भलत्याच उच्चाराने वाचतात, आणि दृष्टिहीन वाचकाला आपण कुठे अडकलो आहोत ते कळतही नाही. पानाच्या शीर्षकातही ‘पान सापडले नाही’ हे शब्द हवेत, कारण ते साधन पहिल्यांदा तेच उच्चारते.

बांधणीतल्या काही गोष्टी छोट्या आहेत, पण चुकल्या तर पान विद्रूप दिसते. ४०४ चे पान कोणत्याही खोलीच्या पत्त्यावर उघडू शकते. त्यातले चित्रांचे आणि शैलीच्या फाइलचे पत्ते चालू पानाच्या सापेक्ष लिहिले, तर तीन पायऱ्या खाली ब्राउझर त्या फाइली भलतीकडे शोधतो आणि एका ४०४ मधून आणखी चार निघतात. म्हणून ते पत्ते नेहमी मुळापासून लिहावेत. वाचकाने मागितलेला पत्ता पानावर दाखवायचा असेल तर त्यातली कोनी कंस, अवतरणे यांसारखी चिन्हे निष्प्रभ केल्याशिवाय दाखवू नये, नाहीतर पत्त्यातून घुसवलेली स्क्रिप्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते. पान डेटाबेसवर फार विसंबू नये. इंटरनेटवर भटकणारे बॉट दिवसरात्र वर्डप्रेसचे लॉगिनचे पान सगळीकडे शोधत असतात, ते जिथे नाही तिथेही, आणि प्रत्येक वेळी डेटाबेसला उठवायचे तर सर्व्हर त्यातच दमतो. नसलेल्या चित्राच्या मागणीला किंवा मोबाइल ॲपच्या एपीआयला हे सजवलेले एचटीएमएल पाठवू नये. चित्राला रिकामे उत्तर आणि एपीआयला जेसन पुरेसे आहे. इंटरनेट एक्सप्लोररच्या जमान्यात चूक दाखवणारे ५१२ बाइटपेक्षा लहान पान ब्राउझर बाजूला सारून स्वतःचे दाखवत असे. तो ब्राउझर गेला, पण जुन्या पानांत भरतीच्या रिकाम्या टिप्पण्या का दिसतात याचे कारण ते आहे.

पान उभे केल्यावर ते तपासताना नुसते डोळ्यांवर विसंबू नये. ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतला नेटवर्कचा भाग उघडून मनचा एखादा पत्ता टाकावा आणि क्रमांकाच्या रकान्यात ४०४ च आहे ना ते पाहावे. मग तीन पायऱ्या खोल पत्ता, मग देवनागरीतला, मग नसलेले चित्र. ही तपासणी प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर पुन्हा करावी लागते, कारण सर्व्हर बदलला किंवा पुढे एखादा प्रॉक्सी बसवला की जुन्या सूचना मुकाट्याने निकामी होतात. ४०४ चे उत्तरही वाटेतल्या कॅशेत साठवले जाऊ शकते, त्यामुळे पान परत आणले तरी काही वाचकांना ते थोडा वेळ हरवलेलेच दिसते.

त्यानंतरचे काम नोंदींचे. सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येक ४०४ सोबत मागितलेला पत्ता असतो आणि बऱ्याचदा वाचक कोणत्या पानावरून आला तेही असते. बॉटांच्या मागण्या गाळल्या की जे उरते ते आपल्या वाचकांचे खरे चुकणे. आपल्याच पानावरून कोणी ४०४ वर आले असेल तर ती लिंक त्याच दिवशी दुरुस्त करावी. दुसऱ्या संकेतस्थळावरून येत असतील तर त्यांना कळवावे आणि तोवर ३०१ लावावा. कुठून आले ते कळत नाही पण तोच पत्ता रोज मागितला जातो आहे, तर तो बहुधा कुठल्यातरी संदेशात किंवा कागदावर छापलेला आहे. तोही ३०१ च्या यादीत घालावा. आणि नुसते ‘चांदूर’ मागणारे खूप आहेत असे दिसले, तर त्या पत्त्यावर दोन्ही तालुक्यांची नावे देणारे एक खरे पान, २०० क्रमांकाचे, तयार करावे.